झाड धरायचं का?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये बेत नसतानाही सण सुरू होतो. अमेरिकेतला क्लायंट सुट्टीवर गेलेला असतो आणि जाताना ‘जानेवारी उजाडेपर्यंत प्रॉडक्शनला कोणी हात लावायचा नाही’ असं बजावून गेलेला असतो. याला चेंज फ्रीझ म्हणतात. हात लावायचा नाही, पण हात घेऊन ऑफिसात मात्र यायचं, कारण काही कोसळलंच तर ‘आम्ही जागे आहोत’ असं मेलवर कळवायला माणसं लागतात. एचआरने रिसेप्शनपाशी प्लॅस्टिकचं सूचिपर्णी झाड उभं केलेलं असतं. सीक्रेट सँटात गेल्या वर्षी दिलेला कॉफीचा मग यंदा फिरून आपल्याकडेच आलेला असतो. प्लम केक संपलेला असतो आणि सहा वाजायला अजून पुष्कळ अवकाश असतो.

रिकाम्या डोक्यात सैतान शिरतो म्हणतात. डेटाबेसवाल्यांच्या डोक्यात कोडं शिरतं.

हे कोडं आहे एका इंग्रजी नाताळगीतातलं. ‘ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस’ हे गाणं बहुतेकांनी मॉलमध्ये किंवा लिफ्टमध्ये, इच्छा असो वा नसो, ऐकलेलं असतं. 25 डिसेंबर ते 5 जानेवारी असे नाताळचे बारा दिवस, आणि गाणाऱ्याचं ‘खरं प्रेम’ त्याला रोज भेटी पाठवतंय. पहिल्या दिवशी नासपतीच्या झाडावर बसलेला एक तित्तिर. दुसऱ्या दिवशी दोन होले. पुढे तीन फ्रेंच कोंबड्या, चार साद घालणारे पक्षी, पाच सोन्याच्या अंगठ्या, अंडी घालणारे सहा गूज, पोहणारे सात राजहंस, दूध काढणाऱ्या आठ गवळणी, नाचणाऱ्या नऊ बायका, उड्या मारणारे दहा उमराव, अकरा पावावाले आणि शेवटी बारा ढोलवाले. आता बारा ढोलांत पुण्यात कोणी मान वर करून बघणार नाही, पण इंग्लंडच्या मानाने बरं पथक आहे.

मेख अशी की रोज नवी भेट येते ती एकटी येत नाही, मागच्या सगळ्यांना घेऊन येते. दुसऱ्या दिवशी दोन होले आणि परत एक तित्तिर. तिसऱ्या दिवशी तीन कोंबड्या, परत दोन होले, परत एक तित्तिर. गाणं 1780 च्या सुमारास लंडनमध्ये छापलेल्या मुलांच्या एका पुस्तकात सापडतं, आणि मुळात तो स्मरणशक्तीचा खेळ होता. एकेकाने मागची सगळी यादी म्हणायची, त्यात एक जोडायची, चुकेल त्याला दंड. आज आपण ऐकतो ती चाल 1909 मध्ये फ्रेडरिक ऑस्टिन या संगीतकाराने बसवली. पाच अंगठ्यांपाशी सूर लांबवायची करामत त्याचीच. बरोबरच आहे. बारा भेटींमध्ये थांबून दाद द्यावी अशी तेवढी एकच आहे.

तर प्रश्न: बारा दिवसांत एकूण भेटी किती आल्या?

पाचवीतल्या पोराला कागद-पेन्सिल दिली तर तो दहा मिनिटांत उत्तर काढील. पण डेटाबेसच्या माणसाला कागद-पेन्सिल देणं म्हणजे त्याचा अपमान. तो आधी टेबल करतो.

टेबल करायचं ठरलं की डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे, येतात. प्रत्येक ऑफिसात एक डीबीए असतात. पोरं त्यांना तोंडावर ‘सर’ आणि मागे ‘काका’ म्हणतात. त्यांच्याकडे पासवर्ड असतो, म्हणून सगळे त्यांना वचकून असतात. कोणा नव्याने दिवस, वस्तू, नग अशा तीन रकान्यांचं, बारा ओळींचं एक साधं टेबल केलेलं असतं. काका ते बघतात आणि चेहरा दुखावल्यासारखा करतात.

“नॉर्मलाइझ नाही केलंस?”

“सर, बाराच ओळी आहेत.”

“आज बारा आहेत. उद्या डेटा वाढला तर?”

“सर, नाताळच बारा दिवसांचा आहे.”

“रिक्वायरमेंट बदलते रे. तुला काय माहीत.”

यानंतर वस्तूंचं वेगळं मास्टर टेबल होतं, दिवसांचं वेगळं, प्रकारांचं वेगळं. ‘खरं प्रेम’ एकच असलं तरी त्याचंही एक मास्टर होतं, कारण उद्या दुसरं कोणी भेटी पाठवू लागलं तर हार्डकोड केलेलं प्रेम शोधत बसावं लागेल. बारा ओळींवर इंडेक्स पडतो. परिणामी मूळ गाण्यापेक्षा स्कीमा लांब होतो, आणि अजून एकही तित्तिर मोजलेला नसतो.

मग पहिली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. नवा मुलगा आत्मविश्वासाने नगांची बेरीज मारतो. सिलेक्ट सम, एंटर. उत्तर 78. अर्थात हा एका दिवसाचा, म्हणजे बाराव्या दिवसाचा माल झाला. आधीचे अकरा दिवस भेटी घेऊन माणूस दारात आला होता ते गेलं कुठे? त्याला सांगावं लागतं की बाबा, इथे स्वतःचाच स्वतःशी जॉइन लागतो. प्रत्येक दिवसाला त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या भेटी जोडायच्या. क्वेरी साधारण अशी:

सिलेक्ट सम(भ.नग) फ्रॉम भेटी द जॉइन भेटी भ ऑन भ.दिवस <= द.दिवस

देवनागरीत लिहिली की ही सत्यनारायणाच्या संकल्पासारखी वाटते, आणि म्हणणाऱ्याला तिचा अर्थ साधारण तितकाच कळलेला असतो. नवा मुलगा ती लिहितो, पण बेरीज करण्याऐवजी जोडून तयार झालेल्या ओळी किती ते मोजतो. उत्तर पुन्हा 78. त्याचा चेहरा उजळतो. दोन वेगवेगळ्या वाटांनी तोच आकडा आला म्हणजे आकडा खरा असणारच की! वास्तविक त्या ओळी 1 अधिक 2 अधिक 3 करत 12 पर्यंतच्या आहेत, आणि नगही योगायोगाने त्याच क्रमाने वाढतात. आकडा तोच, मोजलेली गोष्ट निराळी. हे त्याला पटवायला जेवणाची सुट्टी जाते.

त्यातही डेटाबेसचा स्वभाव बघण्यासारखा आहे. तुम्ही जे विचाराल त्याचं तो अचूक उत्तर देतो, तुम्हाला काय विचारायचं होतं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ‘लहान किंवा समान’ ऐवजी नुसतं ‘लहान’ हे चिन्ह टाकलं तर 286 येतात. म्हणजे प्रत्येक दिवशीची ताजी भेट त्या दिवशी मिळतच नाही, शिळ्याच भेटी येत राहतात, आणि ढोलवाल्यांना तर बारा दिवस संपले तरी आमंत्रण नाही. अट लिहायलाच विसरलात तर 936. पहिल्याच दिवशी पहाटे तित्तिरापासून ढोलापर्यंत सगळा लवाजमा दारात, आणि रोज तसाच. यातल्या कुठल्याही आकड्यापाशी यंत्र अडखळत नाही, लाल अक्षरं दाखवत नाही. ‘एक ओळ मिळाली’ असं खाली शांतपणे छापून मोकळं होतं.

माझं लाडकं चुकीचं उत्तर मात्र निराळंच आहे. घाईत टेबल करणारा कोणीतरी दिवसाचा रकाना आकड्याचा न ठेवता अक्षरांचा ठेवतो, ऑफिसच्या भाषेत व्हारचार. अक्षरांच्या जगात 10 हा 2 च्या आधी येतो, कारण तिथे पहिलं अक्षर बघतात आणि 1 हा 2 च्या आधी आहे. त्यामुळे क्रम होतो 1, 10, 11, 12, 2, 3 आणि पुढे 9. पहिल्या दिवशी तित्तिर, लगेच पाठोपाठ उमराव, पावावाले आणि ढोलवाले. मिरवणूक आधी आणि होले नंतर. जी मंडळी एक-दोनदा येऊन जायची ती आता नऊ-नऊ, दहा-दहा दिवस मुक्काम ठोकतात. बेरीज येते 496. आणि गंमत ही की 496 ही गणितातली परिपूर्ण संख्या आहे. तिला भाग जाणाऱ्या तिच्याहून लहान अशा सगळ्या संख्या, 1, 2, 4, 8, 16, 31, 62, 124 आणि 248, मिळवल्या तर परत 496 येतात. इतकं देखणं चुकीचं उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. युक्लिडपासून लोक परिपूर्ण संख्यांच्या मागे आहेत, आणि इथे ती एका व्हारचारमुळे फुकटात मिळते.

मूळ क्वेरी नीट चालली की 364 येतात. वर्षाला एकच दिवस कमी. त्यावर कोणीतरी ‘म्हणजे रोज एक भेट, आणि एक दिवस रजा’ असं म्हणतं आणि हशा पिकतो, कारण डिसेंबरच्या शेवटी ऑफिसात कशालाही हशा पिकतो.

इथे थांबायला हवं होतं. पण टीममध्ये एक हौशी असतोच. त्याला रिपोर्टवर भेट पाठवणाऱ्याचं नावही हवं असतं, म्हणून तो ‘खरं प्रेम’वालं मास्टर टेबल जोडतो. त्यात कोणीतरी चाचणीसाठी तीच ओळ दोनदा घातलेली असते. प्रेम दोन झालं की भेटी दुप्पट, 728. हौशी घाबरतो आणि अशा वेळी सगळे करतात तेच करतो, डिस्टिंक्ट घालतो. डिस्टिंक्ट म्हणजे सारखे आकडे एकदाच धरा. यंत्र इमानाने 1 ते 12 एकेकदा धरतं आणि बेरीज देतं 78. तिसऱ्यांदा! कोपऱ्यात बसलेला नवा मुलगा काही बोलत नाही, नुसता बघतो.

एवढ्यात टेस्टिंगची मुलगी येते. टेस्टिंगवाल्यांना कोडं सोडवायचं नसतं, सोडवणाऱ्याला सोडायचं नसतं.

“एक्स्पेक्टेड रिझल्ट काय आहे?”

“म्हणजे?”

“म्हणजे उत्तर बरोबर आलं हे कसं कळणार?”

सगळे एकमेकांकडे बघतात. ती वही काढते. तित्तिर रोज एक, बारा दिवस, म्हणजे 12. होले दोन, अकरा दिवस, 22. कोंबड्या 30, साद घालणारे पक्षी 36, अंगठ्या 40, गूज 42. इथे ती पेन ठेवते. “पुढचं उलटं येणार. राजहंस सात, सहा दिवस, म्हणजे परत 42. मग 40, 36, 30, 22, 12. अर्ध्याची बेरीज 182, दुप्पट 364. चहा घेणार का कोणी?”

हा आरसा सुंदर आहे, त्याच्यापाशी क्षणभर थांबायला हरकत नाही. गाण्यात एकच नग असलेला तित्तिर आणि बारा नगांचे ढोलवाले शेवटी बरोबरीत सुटतात, दोघेही 12. जो लवकर आला तो थोडा थोडा येत राहिला, जो उशिरा आला तो एकदम दणक्यात आला. सगळ्यात जास्त आले ते मधले, गूज आणि राजहंस. ग्रुप बाय लावून प्रकारवारी काढली तर पक्षी 184, म्हणजे निम्म्याहून दोन जास्त. माणसं 140. उरल्या 40 अंगठ्या. मराठी मध्यमवर्गीय मन या यादीतून एका झटक्यात त्या 40 अंगठ्या बाजूला काढतं आणि घडणावळीचा अंदाज बांधू लागतं. बाकी 184 पक्ष्यांचं सोसायटीत काय करायचं? कमिटी एका मांजरावरून नोटीस काढते. त्यात 42 गूज अंडी घालताहेत, त्या अंड्यांचा प्रश्न मी मुद्दाम काढत नाही.

काढला तो काकांनी, अंड्यांचा नव्हे, झाडाचा.

“तित्तिर बसलाय कशावर?”

“नासपतीच्या झाडावर.”

“मग झाड भेट नाही? ते परत नेलं का त्याने?”

शांतता पसरते. इथवरचा सगळा वाद तांत्रिक होता, हा तात्त्विक आहे. झाड धरायचं का? पक्षी उडून आला आणि झाडावर बसला असं असेल तर झाड आपलंच, अंगणातलं. पण भेट म्हणून झाडासकट आला असेल तर बारा दिवसांत बारा झाडं लागली, आणि उत्तर 376. गाणं या बाबतीत काही बोलत नाही. गाणं लिहिणाऱ्याला विचारायची सोय नाही, आणि क्लायंट तर सुट्टीवर.

शेवटी टेबलाला ‘झाडं’ असा रकाना वाढवायचं ठरतं. तित्तिराच्या ओळीत 1 घालतात. बाकी अकरा ओळींत काहीच घालत नाहीत, कारण राजहंसाला कसलं झाड? मग नग अधिक झाडं अशी बेरीज घेतात. उत्तर येतं 24.

डेटाबेसमध्ये काहीच न घालणं म्हणजे शून्य नव्हे. त्याला नल म्हणतात, आणि नल हा फार मानी प्राणी आहे. नल म्हणजे ‘माहीत नाही’. सात राजहंस अधिक माहीत नाही बरोबर किती? माहीत नाही. यंत्राचं म्हणणं तर्काला धरून आहे. म्हणून अकरा ओळींची बेरीज नल झाली, एकूण बेरजेने नल ओळी वगळल्या, आणि उरले फक्त बारा तित्तिर आणि बारा झाडं. एका रिकाम्या रकान्याने 352 भेटी गिळल्या आणि ढेकरही दिली नाही. यावर इलाज कोअॅलेसचा, म्हणजे नल असेल तिथे शून्य मान. तो केला की 376 येतात. ज्या कोणाच्या पगारपत्रकात कधी ‘इतर भत्ते’ हा रकाना रिकामा राहिला असेल, त्याला हा परिच्छेद दोनदा वाचायला लागणार नाही.

झाड धरलं म्हटल्यावर गायी आल्याच. आठ गवळणी दूध काढताहेत, पण कोणाचं? गवळण बादली घेऊन आली आणि गाय घरी विसरली असं होत नाही. एका गवळणीला निदान एक गाय धरली तर पाच दिवसांत 40 गायी. मग पावावाल्यांचे पावे, ढोलवाल्यांचे ढोल. उमरावांच्या उड्या भेट की सेवा? नव्या मुलाने उड्यांसाठी वेगळं ट्रान्झॅक्शन टेबल सुचवलं तेव्हा मॅनेजर केबिनमधून बाहेर आले.

हे सगळं थट्टेचं वाटेल, पण अमेरिकेत एक मोठी बँक हा हिशेब दर वर्षी गंभीरपणे मांडते. पीएनसी बँकेचा ख्रिसमस प्राइस इंडेक्स 1984 पासून चालू आहे. गाण्यातल्या सगळ्या भेटी आज बाजारात घ्यायच्या तर किती पैसे पडतील, असा तो निर्देशांक. बँकवाले शहाणे. त्यांनी 78 की 364 या भांडणात न पडता दोन्ही आकड्यांचे हिशेब जाहीर करायला सुरुवात केली, एकदाच घेतल्या तर इतके आणि गाण्याप्रमाणे रोज घेतल्या तर तितके. आमच्या नव्या मुलाला हे कळलं तेव्हा त्याने त्या वाक्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. गवळणींना बँक अमेरिकेच्या केंद्रीय किमान वेतनाने तासाची मजुरी लावते. ते वेतन 2009 पासून सव्वासात डॉलरवरच अडकलेलं आहे, त्यामुळे आठ गवळणी वर्षानुवर्षं 58 डॉलरांत पडताहेत. सोन्याच्या अंगठ्या महागतात, नाचणाऱ्या बायकांची बिदागी वाढते, गवळणींचे 58 काही हलत नाहीत. आणि गायी बँकेनेही धरलेल्या नाहीत.

कोडं सुटलं म्हणजे ते संपलं असं फक्त टेस्टिंगची मुलगी मानते. बाकीच्यांची आता कुठे सुरुवात होते, कारण तेच उत्तर आणखी अवघड करून काढता येतं. एकाला टेबलच नको असतं. 1 ते 12 हे आकडे हवेतून निर्माण करायचे म्हणतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्याला एक फंक्शन पुरतं. दुसरीकडे रिकर्सिव्ह क्वेरी लिहावी लागते, म्हणजे स्वतःलाच विचारणारी क्वेरी. एकापासून सुरू कर, प्रत्येक वेळी एक मिळव, बारा झाले की थांब. ही सोय एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेच्या मानकात 1999 साली आली आणि मायएसक्यूएलकडे पोचायला 2018 उजाडलं. ‘बारा झाले की थांब’ हे लिहायचं राहिलं तर नाताळ संपत नाही. एसक्यूएल सर्व्हर शंभराव्या फेरीला चिडून थांबतो. आपण इतके दिवस बोटांवर बारापर्यंत मोजत होतो, ते यंत्राकडून करून घ्यायला चाळीस ओळी लागल्या याचं कोणालाच काही वाटत नाही. उलट ज्याच्या ओळी जास्त त्याला मान.

या एसक्यूएल भाषेचा जन्मही आठवण्यासारखा आहे. 1970 मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉडने माहिती टेबलांत ठेवण्याची कल्पना मांडली. त्यावर 1974 मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या त्याच्याच कंपनीतल्या दोघांनी प्रश्न विचारायची भाषा बेतली. प्रोग्रामर नसलेल्या साध्या माणसालाही सहज विचारता यावं, असा त्यांचा हेतू होता. साधा माणूस आला नाही. आम्ही आलो. कॉड मूळचा इंग्लंडमधला, डॉर्सेटच्या किनाऱ्यावरचा. म्हणजे गाणंही तिकडचं आणि टेबलाची कल्पनाही तिकडच्याच माणसाची. भांडण तेवढं आपण हिंजवडीत आणलं.

आणि हा रोग आमच्या मजल्यापुरता नाही. 2015 पासून एरिक वास्टल नावाचा अमेरिकन प्रोग्रामर दर डिसेंबरात ‘अॅडव्हेंट ऑफ कोड’ नावाने नाताळची कोडी काढतो. जगभरचे लोक रात्री जागून ती सोडवतात, आणि त्यातले काही पोचलेले महाभाग ती फक्त एसक्यूएलमध्ये सोडवतात. पहिल्याच वर्षीच्या पहिल्याच कोड्यात सँटा इमारतीत चढ-उतार करत होता. उघडा कंस म्हणजे एक मजला वर, बंद कंस म्हणजे एक मजला खाली, आणि असे कंसांचेच ढीग. शेवटी तो कुठल्या मजल्यावर? एसक्यूएलवाला यात एकही कंस मोजत नाही. तो आख्ख्या ओळीची लांबी घेतो, उघडे कंस पुसून टाकतो, परत लांबी घेतो. जेवढी घटली तेवढे उघडे कंस. तसंच बंद कंसांचं. खिशातले पैसे न मोजता ते चोरीला जाऊ देऊन तक्रारीतला आकडा वाचावा, असला हा प्रकार आहे, पण चालतो.

आता हे सगळं ऐकून आमच्या एका निवृत्त गणिताच्या मास्तरांनी काय केलं ते सांगतो. कोड्याचं वर्णन पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, “संकलितैक्य.” म्हणजे बेरजांची बेरीज. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लीलावतीत याची रीत दिली आहे. आधी 1 ते 12 ची बेरीज घ्या, 78. ती पदांच्या संख्येत दोन मिळवून येणाऱ्या आकड्याने, म्हणजे 14 ने गुणा, आणि तीनने भागा. झाले 364. त्याही आधी आर्यभटाने 499 मध्ये हीच गोष्ट रचलेल्या ढिगाच्या रूपाने सांगितली होती. 12 गुणिले 13 गुणिले 14, भागिले 6. टेबल नाही, जॉइन नाही, नल नाही. आणि 78 हा आकडा वाटेत लागतोच, फक्त तिथे उतरायचं नसतं.

भास्कराचार्यांचं नाव आलं म्हणून सांगतो, कारण हे आपल्याकडचं आहे. चाळीसगावजवळ पाटण इथे, पाटणादेवीच्या देवळात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटी मठाला कोणी काय आणि किती द्यायचं ही यादी आली तेव्हा लिहिणारा सरळ जुन्या मराठीवर उतरला. अगदी योग्य केलं. देण्याघेण्याचा हिशेब लोकांना कळेल अशा भाषेत आणि दगडावर लिहावा. त्या यादीत कोणी नंतर एक रकाना वाढवू शकलेलं नाही.

मास्तरांची रीत काकांना सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाले, “स्केल होणार का?” आर्यभटाचं सूत्र बारा दिवसांना चालतं तसं बारा लाख दिवसांनाही चालतं, तेवढ्याच दोन गुणाकारांत आणि एका भागाकारात. स्वतःशी जॉइन घेणाऱ्या क्वेरीला बारा लाख दिवस दिले तर ती सुमारे बहात्तर हजार कोटी ओळी जोडायला बसेल आणि चेंज फ्रीझ उठेपर्यंत परत येणार नाही. हे काकांना सांगायचं धाडस नवा मुलगा करणार होता. पण पासवर्ड त्यांच्याकडे असतो.

मॅनेजरसाहेबांना शेवटी मेलवर एकच आकडा हवा असतो, कारण त्यांच्या मुलीच्या शाळेत तेच कोडं दिलेलं असतं आणि ती घरी वाट बघत असते. तुम्हालाही कोणी विचारलं तर बेधडक 364 सांगा. झाडं धरणारा भेटला तर 376. गायीही धरणारा भेटला तर 416, पण त्याला उत्तर द्यायच्या आधी रिक्वायरमेंट मेलवर लेखी मागून घ्या.